हॉस्पिटलात सायकलने किंवा चालत जाणारे कोणी आहे का इथे?

मुक्ता_पॅथ

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी पुण्यातल्या एका मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे. (नाव नको. ओळखलंत तरी इथे लिहू नका, अजून नोकरी करायची आहे.) गेल्या जूनमध्ये आमच्याकडे वेलनेस कमिटी स्थापन झाली. मी मीटिंगला दहा मिनिटं उशिरा पोचले, तेवढ्यात माझी तिच्यात वर्णी लागली होती. पहिलं काम ठरलं ते स्टाफने सायकलने किंवा चालत कामावर यावं म्हणून मोहीम काढायची.

कल्पना मला पटली होती. स्टाफची वार्षिक तपासणी आमच्याच लॅबमध्ये होते, त्यामुळे कोणाची साखर कुठे पोचलीय हे मला नको असताना कळतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले, त्यात आमच्या हॉस्पिटलाने आपला वाटा चोख उचललाय. वर पेशंटला ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणून लिहून देणारे आम्ही दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघतो.

मग पोस्टर झालं, टीशर्ट झाले. पोस्टरवर गॉगल-हेल्मेट घातलेला देखणा डॉक्टर आणि गिअरची सायकल. मोबाइलमध्ये ॲप घ्यायचं, महिन्यात सगळ्यात जास्त किलोमीटर करणाऱ्याला बक्षीस. उद्घाटनाच्या सकाळी मी लेकाची जुनी सायकल झटकून, कर्वे रोड टाळून आतल्या गल्ल्यांतून हापसत हॉस्पिटलला पोचले. गेटवर वॉचमनकाकांनी हात आडवा केला.

“ओ ताई, सायकल मागल्या गेटनं.”

ओढणी तोंडावरून काढल्यावर ओशाळले बिचारे. म्हणाले, “मॅडम, पुढं लावली तरी चालंल, पण स्टँड न्हाई. पडून कुणाच्या गाडीला घासली तर मलाच बोलत्यात.”

मागे गेले. बारा वर्षांत त्या बाजूला कधी पाऊल टाकलं नव्हतं. बायोमेडिकल वेस्टची खोली आणि ऑक्सिजनची टाकी यांच्यामधल्या बोळात भिंतीला टेकवलेल्या सायकली होत्या. मोजल्या, तेवीस. वॉर्डातले मदतनीस मामा आणि मावशी, लाँड्रीवाले, कँटीनची पोरं. छप्पर नाही. बऱ्याच सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. एका सायकलचं सीट फाटलं होतं, त्यावर हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि वरून डायनाप्लास्ट (ताणली जाणारी चिकटपट्टी) गुंडाळलेलं, इतकं सफाईने की गुंडाळणारा ऑर्थोच्या वॉर्डातलाच असणार.

लिननचे मामा तिथेच होते. धायरीहून रोज सायकलने येतात, सतरा वर्षं झाली. त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमच्या त्या ॲपात साधी सायकल चालती का?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या फोनमध्ये ॲप बसत नाही हे नंतर कळलं.

तर प्रश्न असा. जे आधीपासून येतात ते आम्हाला दिसलेच नव्हते, आणि ज्यांनी यावं म्हणून पोस्टर लावलं ते आठवडाभर टीशर्ट घालून फोटो काढून परत गाडीत बसले. तुमच्याकडे काय चालतं? काय केलं तर माणसं खरंच येतात?

गुरुवारपेठकर

मी पयला. चांगला धागा. फक्त पुण्यात हेल्मेटचा विषय काढू नका, नाहीतर पाचशे प्रतिसाद होतील आणि सायकल राहील बाजूला.

सर्जन_पण_न्हावी_नव्हे

मुक्ताताई, हेतू चांगला आहे, पण थोडं जमिनीवर या. रात्री दोनला कॉल आला की मी सायकलला हवा भरत बसू का? दुसरं, पेशंटची नजर. बाहेरगावचा नातेवाईक डॉक्टरची गाडी बघून त्याची लायकी ठरवतो. हे चूक आहे, पण आहे. मी एकदा गाडी गॅरेजला म्हणून रिक्षाने गेलो, तर एका काकांनी काळजीने विचारलं, “डॉक्टर, प्रॅक्टिस बरी चाललीय ना?”

आणि घाम. सव्वाआठला राऊंड, साडेआठला पहिली केस. आंघोळ कुठे करू?

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरहून लिहून राहिलो. डॉक्टरायले सायकल माहीत नाही असं म्हणू नका राजेहो. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. महाजन बंधू अख्खी अमेरिका सायकलनं पार कराची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीनं पूर्ण करून आले, २०१७ मध्ये आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ तीच रेस एकट्यानं मारून आले. तेव्हापासून इकडे दर डॉक्टराच्या घरी एक महागाची सायकल आहे. रविवारी पहाटे पाचला सत्तर-ऐंशी किलोमीटर जातेत, पोहे-तर्री खातेत, फोटो टाकतेत. सोमवारी दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यात एसयूव्ही.

त्या दोघा-तिघांबद्दल आदरच आहे. मी बाकीच्यायचं सांगून राहिलो. सायकल आमच्यासाठी खेळ झाली, वाहन नाही राहिली. खेळाले बाथरूम, पार्किंग, काही लागत नाही, घरूनच निघाचं अन् घरीच याचं.

अन् मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपारपाळीले सायकलनं या म्हणणाऱ्याचा मी सत्कार करीन. पहाटे येनं ठीक. दोन वाजता सुटलेल्या सिस्टरले मात्र छत्री, टोपी, ताक सगळं देऊनही पाठवू नका.

सिस्टर_इनचार्ज

वाचतेय म्हणून गप्प होते, पण आता लिहिते.

आमच्याकडेही आलं होतं हे फॅड. ‘दहा हजार पावलं’ चॅलेंज. मी मेडिकल वॉर्डची इनचार्ज. चाळीस बेड, मॉर्निंगला तीन सिस्टर. एकीने हाताला घड्याळ बांधून मोजलं तर दोन वाजेपर्यंत तिची बारा हजार पावलं झाली होती. तिला त्या कमिटीने सांगितलं, ‘आता घरी चालत जा’. ती हसली, तिच्या पायाच्या शिरा हसल्या नाहीत.

आता व्यवहाराचं बोलू. आमच्या पाळ्या आठ-दोन, दोन-आठ आणि आठ-आठ. दुपारपाळीची मुलगी हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ-पावणेनऊ होतात. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर दोन दिवे चालू, चार बंद, आणि कोपऱ्यावर वाईन शॉप. तिथून ती सायकल काढत नाही, चालतही जात नाही. स्कूटी घेते, हप्ते भरते. तिला व्यायामाची आवड नाही म्हणून नव्हे.

दुसरं, युनिफॉर्म. वॉर्डातला युनिफॉर्म घालून रस्त्याने ये-जा करू नये हे आम्हीच शिकवतो. मग बदलायचं कुठे? आमच्या मजल्यावर सिस्टर्ससाठी एक खोली, एक टॉयलेट, लॉकर निम्मे मोडके. मावशींना तेही नाही. त्या लिननच्या कपाटामागे एकमेकींना चादर धरून साडी बदलतात. शॉवर आहे, ओटीत (ऑपरेशन थिएटरात), डॉक्टरांसाठी. तेव्हा सर्जनसाहेब, आंघोळीचं दुःख तुम्ही सांगू नका. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

टीशर्टऐवजी एक बाथरूम बांधा म्हणावं कमिटीला.

मुक्ता_पॅथ

सिस्टर, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. चादरीचं आमच्याकडेही खरं असेल का, हे उद्या विचारते. विचारायची लाज वाटतेय, कारण बारा वर्षांत विचारलं नाही.

फिजिओ_केतकी

सिस्टरताई, एक मुद्दा मांडते, रागावू नका. वॉर्डातलं चालणं कमी आहे असं कुणीच म्हणू शकणार नाही. पण ते चालणं वेगळ्या जातीचं असतं. दहा पावलं जा, थांबा, वाका, पेशंट उचला, परत दहा पावलं. तासन्‌तास उभं राहणं, वेग आपल्या हातात नाही, मनाला वाटेल तेव्हा विसावा नाही. नाडी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. डेन्मार्कमधले संशोधक गेली काही वर्षं हेच मांडताहेत की कामातले अंगकष्ट आणि फावल्या वेळचा व्यायाम यांचा हृदयावर सारखा परिणाम दिसत नाही. कष्टाच्या कामाने दमलेल्यांना व्यायामाचे फायदे तसे मिळत नाहीत. त्यावर वाद आहेत, पण ओपीडीत मी रोज ते बघते. गुडघे आणि कंबर घेऊन येणाऱ्यांत वजनदार साहेब कमी, सिस्टर आणि मावशी जास्त.

म्हणून घरून येतानाची वीस मिनिटं, हातात ओझं नाही, आपल्या लयीत, सलग, ही औषधासारखी असतात. पण त्यासाठी ती वीस मिनिटं सुखाची हवीत. दिव्याखालची हवीत.

१९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डबलडेकर बसचा अभ्यास छापला होता. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त. आमच्या विषयाची सुरुवातच तिथून सांगतात.

सर्जन_पण_न्हावी_नव्हे

केतकी, पकडलं! कंडक्टरचं चालणं कामातलंच होतं की. मग वर सांगितलेला फरक कुठे गेला? आणि मॉरिस प्रामाणिक माणूस, १९५६ मध्ये त्यानेच बसवाल्यांच्या गणवेशांची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला आधीपासूनच मोठ्या निघाल्या. म्हणजे जाड होते ते ड्रायव्हर झाले, की ड्रायव्हर झाले म्हणून जाड झाले?

फिजिओ_केतकी

बरोबर पकडलंत. जिना चढणं आणि पेशंट उचलणं यांत फरक आहे एवढंच माझं उत्तर. जिन्याने दम लागतो आणि मग उतरतोही. बाकी निरीक्षणाच्या अभ्यासांना ही खोड असतेच. २०१७ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यात कामावर सायकलने जाणाऱ्यांत पुढच्या साधारण पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं. वय, धूम्रपान वगैरे हिशोबात धरूनही. तरी तुम्ही म्हणणार की तब्येत बरी असते तेच सायकल मारतात. म्हणा. पण अर्धे धरा, तरी एवढं देणारी गोळी असती तर मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने तुमच्या केबिनबाहेर मुक्काम ठोकला असता.

खोकला_स्पेशल

फुफ्फुसवाला आहे म्हणून विचारतो. सिग्नलला बसच्या मागे उभं राहून दीर्घ श्वास घ्यायचा, आणि हा आरोग्यासाठी?

केंब्रिजकर_रमा

मी केंब्रिजला एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, रेडिओग्राफर आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्याच अंगणातला. इथल्या विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ साली हाच हिशोब मांडला होता. जगातल्या बहुतेक शहरांत फायदा तोट्यापेक्षा जास्त निघतो. हवेतलं पीएम २.५ (फुफ्फुसात खोल जाणारे बारीक कण) घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढलेलं असेल, तर रोज दीड तास सायकल चालवल्यावर कुठे तोटा फायद्याला गाठतो. वीस-पंचवीस मिनिटांत नाही. तरी बसच्या मागे उभं राहू नकाच, गल्लीतून जा.

इथलं सांगते. शहर सपाट, त्यामुळे फुशारकी मारण्यात अर्थ नाही. मी आले तेव्हा मला वाटलं होतं, गोरे लोक आरोग्याबद्दल फार जागरूक म्हणून सायकलने येतात. तसलं काही नाही. हॉस्पिटलात गाडी लावायचा परवाना मिळणं जिकिरीचं, मिळाला तर पगारातून पैसे कापतात. सायकल लावायला मात्र दाराशी जागा, फुकट. माणूस आळशीच असतो, त्याला जे सोपं ते तो करतो.

दुसरं म्हणजे ‘सायकल टू वर्क’ योजना, १९९९ पासून आहे. मालक सायकल विकत घेतो, ती आपल्याला भाड्याने देतो आणि भाडं करपूर्व पगारातून दरमहा कापतो, म्हणून टॅक्स वाचतो. मी अशीच घेतली, टोपली आणि दिव्यासकट. पण गंमत बघा, पगार कापून किमान वेतनाच्या खाली जात असेल तर योजना मिळत नाही. म्हणजे इथेही साफसफाईवाली बाई बाहेरच राहते. मुक्ताच्या मामांची आठवण झाली.

आणि हो, डिसेंबरमध्ये चारच्या सुमारासच अंधार, पाऊस आडवा. तेव्हा मीही गुपचूप बस पकडते.

निवृत्त_सिस्टर

मुलींनो, तुमचं वाचून जुनं आठवलं. मी सरकारी नोकरीत होते. १९८१ साली सायकल ॲडव्हान्स घेऊन लेडीज सायकल घेतली, पगारातून हप्ते कापत. हो, त्या रमाच्या विलायतेत काढलं त्याच्या आधी आमच्याकडे होतं! तेव्हा सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. पांढरी साडी, चेनला पूर्ण कव्हर, मागच्या चाकाला जाळी, म्हणून पदर कधी अडकला नाही. हल्लीच्या सायकलींना ना कव्हर ना मडगार्ड. पावसात पाठीवर चिखलाची रेघ उठते, ती घेऊन ड्यूटीवर जायचं कसं?

आणि सांगते, आम्ही काही आरोग्य म्हणून नाही चालवली सायकल. बस वेळेवर नव्हती आणि स्कूटर फक्त डॉक्टरांकडे होती. क्वार्टर्समध्ये पोरी चार-चारच्या घोळक्याने निघायच्या. नाइटला जाताना एकटी कोणी नसायची. भीती वाटायची, पण घोळक्यात हसू जास्त यायचं.

परळ_स्लो

मुंबईत सायकलचं विसरा. बदलापूरहून परळला येणारी सिस्टर सायकल कुठे घालणार, लगेज डब्यात? पण चालण्यात आम्ही कोणाला ऐकत नाही. घर ते स्टेशन, पूल चढा, पूल उतरा, स्टेशन ते वॉर्ड, दिवसाला चाळीस मिनिटं सहज. मोहीम-बिहीम काही नाही. लोकलने आपोआप होतं. २०२० मध्ये जूनच्या १५ तारखेला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाल्या, त्याआधीचे तीन महिने आम्ही बसने हाल काढले, तेव्हा जाणवलं की रोजचं चालणंही त्या लोकलबरोबर गेलं होतं. माझं वजन सहा किलो वाढलं.

आमची मागणी एकच. स्टेशनपासून गेटपर्यंत फुटपाथ द्या. सलग. फेरीवाले, खोदकाम आणि बाइक वगळून जो उरेल तो.

गुरुवारपेठकर

पुण्यात २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झालाय म्हणे. कागद छान आहे. त्या कागदावरून सायकल चालवली तर वाटेत खड्डा नाही.

मुक्ता_पॅथ

सात आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं थोडं आहे.

पुढच्या मीटिंगला मी मेट्रनना (सगळ्या सिस्टर्सच्या प्रमुख) घेऊन गेले. (हा सल्ला विपूतून, म्हणजे खाजगी निरोपातून, सिस्टर_इनचार्ज यांनी दिला. दंडवत.) ॲप रद्द केलं. वॉचमनच्या टेबलावर वही ठेवली, चालत आलात की सही, सायकलने आलात की सही, अंगठाही चालेल. पहिल्या आठवड्यात साठ-सत्तर नावं. त्यात डॉक्टर चार. एक डायरेक्टर वही बघून म्हणाले, “एवढे लोक येतात? मग मोहीम यशस्वी झाली की!” मी म्हटलं, सर, हे आधीपासूनच येतात, आपण फक्त लिहायला लागलो. ते जरा वेळ वहीच चाळत राहिले. मग छपराचं इस्टिमेट मागवलं.

पत्र्याचं छप्पर झालंय. टाकीच्या बाजूला नाही, सुरक्षा अधिकाऱ्याने ते आधीच बंद केलं, ऑक्सिजनशेजारी काहीच नको म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. आता सायकली पुढच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, दोन कन्सल्टंटांच्या गाड्यांची जागा घेऊन. त्या दोघांनी पत्र लिहिलंय. असो.

चादरीचं विचारलं. खरं निघालं. तळमजल्यावर जुन्या रेकॉर्ड्सची एक खोली मोकळी करून मावशींसाठी कडी, आरसा आणि लॉकर झालेत, नळाचं काम चालू आहे. ‘सायकल मोहिमेच्या’ खर्चात घातलंय, कारण नुसतं ‘मावशींना खोली’ म्हणून कित्येक वर्षं कोणी सही केली नव्हती.

जमलं नाही ते म्हणजे आमच्याही हॉस्पिटलच्या मागचा अंधारा रस्ता. दिव्यांसाठी महापालिकेला तीन अर्ज दिले. दोन दिवे आले, चार व्हायला हवेत. दुपारपाळीच्या मुली अजून स्कूटीवरच आहेत आणि मी त्यांना काही बोलत नाही. मेट्रन म्हणाल्या की आठला सुटणाऱ्या चालणाऱ्यांचा एक घोळका करून स्टॉपपर्यंत वॉचमन सोबत पाठवू. आठवडाभर झालं. मग त्या वॉचमनची पाळी बदलली.

सर्जन_पण_न्हावी_नव्हे

कबुली देतो. गेले पंधरा दिवस, ज्या दिवशी कॉलवर नसतो त्या दिवशी चालत जातोय. अडीच किलोमीटर. शर्ट बॅगेत, ओटीचा शॉवर आहेच (सिस्टर, ऐकलंय तुमचं). पहिल्या दिवशी वाटेत माझ्याच एका पेशंटने स्कूटर थांबवून लिफ्ट देऊ केली. हर्निया होता, टाके पडून महिना झालेला. त्याला विचारलं, तू चालतोस का रोज? म्हणाला, “तुम्हीच सांगितलंय म्हणून चालतो. पण डॉक्टर, तुम्ही का?”

वऱ्हाडी_ठेचा

लय भारी. मी बी सुरू करतो. पण दिवाळीनंतर.

मुक्ता_पॅथ

एक तांत्रिक मदत हवी होती. कमिटीने हौसेने एक महागडा उभा पंप आणला, छपराखाली ठेवायला. तो गिअरच्या सायकलींना बसतो, साध्या सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हला बसतच नाही. म्हणजे तेवीसपैकी एकवीस सायकली परत बाहेर! काय करू?

निवृत्त_सिस्टर

अगं, साधा पायाखाली धरून हाताने मारायचा पंप मिळतो तो आण. कुठल्याही सायकलवाल्याकडे. आणि व्हॉल्व्हची रबरी नळी एक मीटर आणून ठेव, तीच सारखी फाटते.

मुक्ता_पॅथ

आणला. नळीही आणली. पंप चोरीला जायला नको म्हणून साखळीने बांधून कुलूप लावलंय. किल्ली लिननच्या मामांकडे आहे.